मोडींतील मोटार आणि खरी काटकसर

मोडीच्या बाजारांत मोटारगाड्यांचे स्टार्टर व डायनॅमो वजनावर विकले जातात. आंत तांब्याची तार असते म्हणून त्यांस किंमत येते. परंतु तीं चालतीं यंत्रें आहेत, हें विकणाराच्या व घेणाराच्याहि ध्यानांत क्वचितच येतें. अशीं यंत्रें शाळेंत आणून विद्यार्थ्यांनीं त्यांवर धार लावण्याचें चाक किंवा लहानसा पंप चालवावा, असें आमचें मत आहे. मात्र कोणतें यंत्र कोणत्या कामाचें, याचा विचार आधीं झाला पाहिजे.

डायनॅमो फिरविला असतां वीज देतो, आणि त्यासच वीज दिली असतां तो फिरूं लागतो. सन १८७३ च्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत ग्राम याच्या यंत्रांनीं हें जगास दाखविलें. एका यंत्राची वीज तारेनें दुसऱ्यास दिली, आणि दुसऱ्यानें पंप चालविला. मोटारीचा जुना डायनॅमो याच जातीचा. त्याचीं आर्मेचरचीं व फील्डचीं टोकें एकत्र करून बॅटरी जोडली, कीं तो मुकाट्यानें फिरतो. जुने मेस्त्री त्याची परीक्षा अशीच घेत.

पुष्कळांस मोह पडतो तो स्टार्टरचा, कारण त्याचा जोर मोठा. सन १९१२ मध्यें कॅडिलॅक गाडींत तो आला, आणि हँडल मारण्याचे कष्ट सरले. परंतु बंद एंजिनास जागें करणें एवढेंच त्याचें काम. तें कांहीं सेकंदांत उरकून तो विसावा घेतो. त्या अवधींत तो १२ व्होल्टच्या बॅटरींतून १५० अँपिअर, कधीं त्याहूनहि अधिक प्रवाह ओढतो. म्हणजे सुमारें १८०० वॅट! त्यास थंड ठेवणारा पंखा नसतो. सतत चालविल्यास वेष्टन जळतें; आणि जुन्या सीरीज पद्धतीचा स्टार्टर बोजाविना सोडल्यास वेग वाढत जाऊन आर्मेचर फुटण्याचा धोका असतो.

डायनॅमो तासन्‌तास चालण्यासाठींच घडविलेला, व त्याच्या पुलीस पंखाहि असतो. त्यास २० अँपिअर दिले तर २४० वॅट होतात. तूट वजा जातां सुमारें १५० वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा पांचवा हिस्सा, हातीं येतो. शक्ति थोडी खरी, पण टिकाऊ. सन १९६० नंतर हळूहळू त्याची जागा आल्टरनेटरनें घेतली. तोहि मोटार होतो. परंतु त्यांतील डायोड वगळून तीन फेजांचा प्रवाह देणारा नियंत्रक लावावा लागतो व फिरत्या चुंबकास निराळा प्रवाह द्यावा लागतो. तें काम वरच्या इयत्तांचें, व शिक्षकांच्या देखरेखीखालींच करण्याचें.

पालकांची भीति अनाठायीं नाहीं. १२ व्होल्टांचा झटका सहसा जाणवत नाहीं. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो क्षणांत तापतो, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरींतील हायड्रोजन ठिणगीनें भडकतो. यास्तव बॅटरीजवळ फ्यूज असावा, हातांत अंगठी-कडें नसावें, व खोलींत वारा खेळता असावा. एवढी दक्षता घेतल्यावर मुलांस यंत्रापासून दूर ठेवणें मात्र उचित नव्हे. कारण हात न लावतां आलेलें ज्ञान परीक्षेपुरतेंच टिकतें.

विद्यार्थी मित्रहो, तारेस हात लावण्यापूर्वीं कागद घ्या. व्होल्ट किती, अँपिअर किती, काम किती वेळ, आणि उष्णता जाणार कोठें, हें मांडा. हिशेब जुळला तर खुशाल जोडा. न जुळला तर तें यंत्र मोडींतच बरें. फुकट मिळालेली वस्तु तेवढ्यानेंच स्वस्त ठरत नाहीं. चांगली बॅटरी बुडविणारी फुकटची मोटार शेवटीं महागच पडते.