मुरुमांची गोळी आणि डॉक्टरांचं मौन

तिशीतल्या बाईच्या मुरुमांना ‘नखरा’ म्हणणारे डॉक्टर आणि ‘हा काय चळवळीचा प्रश्न?’ म्हणणाऱ्या आपल्यातल्याच काहीजणी, दोघांशीही माझं भांडण आहे.

अँड्रोजेन हे संप्रेरक त्वचेतल्या तेलग्रंथींना चेतवतं. स्पायरोनोलॅक्टोन ही मूळची रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी त्याला अडवते. ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. गोळीचा उपयोग होतो, पण पुरता गुण यायला काही महिने लागतात. पाळी अनियमित होऊ शकते. शिवाय पुरुषगर्भाच्या वाढीत बाधा येण्याचा धोका असल्यानं गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात.

इथंच खरी मेख आहे. वस्तीत काम करताना मी पाहते, अविवाहित मुलीशी गर्भनिरोधनाचा विषय काढायला डॉक्टर कचरतात आणि विवाहितेच्या हाती तो निर्णयच नसतो. चिठ्ठी मात्र दोघींना मिळते. धोका न सांगता दिलेली गोळी म्हणजे बाईच्या शरीराचा तिच्या माघारी केलेला निवाडा!

मैत्रिणींनो, गोळी घ्यायची की नाही, हे जिचं तिनं ठरवावं. पण सगळं समजून घेऊन. ती माहिती उपकार नव्हे, हक्क आहे. तो मागू या.