विश्लेषण : सीना, फ्लेअर की होगन? निकाल आधीच ठरलेल्या कुस्तीत ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ कोण, हे ठरवायचे कसे?

जॉन सीनाची कारकीर्द १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये संपली, ती पराभवाने. गुंथरच्या ‘स्लीपर होल्ड’मध्ये अडकलेल्या सीनाने हाताने थाप मारून हार मानली आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ही नाराजी गुंथरवर कमी आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ची कथानके ठरवणाऱ्या विभागाचा प्रमुख ट्रिपल एच याच्यावर अधिक होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सीनाने १७वे जागतिक विजेतेपद मिळवून रिक फ्लेअरचा विक्रम मोडला होता आणि २४ जुलैला हल्क होगनचे निधन झाले होते. त्यामुळे व्यावसायिक कुस्तीतला सर्वकालीन श्रेष्ठ कोण, हा जुना वाद पुन्हा रंगला आहे. पण जिथे जय-पराजय आधीच लिहिलेला असतो, तिथे श्रेष्ठत्व मोजायचे कशाने?

निकाल ठरलेला असतो, मग खरे काय असते?

आपल्याकडे गणपत आंदळकर की मारुती माने, असा वाद निघाला तर निदान कोणी कोणाला चितपट केले, एवढे तरी विचारता येते. व्यावसायिक कुस्तीत तीही सोय नाही. तिथे लढती ठरवून होतात, हे गुपित जपण्याच्या रिवाजाला ‘केफेब’ म्हणतात. नायक आणि खलनायक रिंगणाबाहेर एकत्र जेवतानाही दिसू नयेत, इतक्या काटेकोरपणे तो पाळला जाई. अखेर १९८९ मध्ये कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे हा प्रकार क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले. त्यामागे प्रांजळपणा नव्हता. क्रीडा नियामकांची देखरेख आणि कर यांतून सुटका हवी होती.

मात्र याला सरसकट ‘नुरा कुस्ती’ म्हणून सोडून देता येत नाही. निकाल खोटा असला तरी उंचावरून आपटणारे शरीर खरे असते. १९९७ च्या ‘समरस्लॅम’मध्ये एक डाव चुकला आणि ‘स्टोन कोल्ड’ स्टीव्ह ऑस्टिनची मान दुखावली. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला हा कुस्तीगीर २००३ मध्येच थांबला. तो डाव टाकणारा ओवेन हार्ट मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत छतावरून रिंगणात उतरण्याच्या करामतीत खाली कोसळून मरण पावला.

विजेतेपदे मोजून उत्तर मिळेल का?

नव्वदच्या दशकात अनेक शाळकरी मुलांनी हा वाद ट्रम्प कार्डांवर सोडवला होता. रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती खेळला, किती जिंकला. आकडा मोठा त्याचा डाव. आजही बरेच चाहते त्याच पद्धतीने भांडतात, फक्त रँकच्या जागी आता विजेतेपदे आली आहेत. सीना १७, फ्लेअर १६.

यातला १६ हा आकडाच मुळात वादग्रस्त आहे. मोजणाऱ्यानुसार फ्लेअरची विजेतेपदे २० च्या वरही जातात, आणि हा फरक का पडतो हे पाहिले की या व्यवसायाचे मर्म कळते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील कुस्ती छोट्या-छोट्या प्रादेशिक प्रवर्तकांत विभागलेली होती. ‘एनडब्ल्यूए’ ही त्यांची संघटना. तिचा विजेता गावोगाव फिरायचा आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या लाडक्या कुस्तीगिराशी लढायचा. स्थानिक नायक जिंकता जिंकता राहिला, असे प्रेक्षकांना वाटायला लावणे हे त्याचे काम. तासभर लढत द्यायची, मार खायचा, गयावया करायची आणि शेवटी कसाबसा पट्टा वाचवून पुढच्या गावाला निघायचे. फ्लेअर या कामात निष्णात होता. तो गेल्यावर स्थानिक कुस्तीगिराचा भाव वाढलेला असे.

१९८२ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात त्याची लढत तिथला राष्ट्रीय नायक जॅक व्हेनेनो याच्याशी झाली. प्रेक्षक इतके चवताळले होते, की आपण जिंकलो तर दंगल होईल, या भीतीने आपण हार पत्करल्याचे फ्लेअरने नंतर सांगितले. संघटनेने तो निकाल धरलाच नाही. पुढे न्यूझीलंड आणि सिंगापूरमध्ये हार्ली रेसबरोबर झालेली विजेतेपदाची देवघेवही अनेक वर्षे अधिकृत नोंदीबाहेर राहिली. म्हणजे विक्रम ज्या आकड्यावर उभा, तो आकडाही कथानकाचाच भाग. सीनाने १७वा पट्टा जिंकला याचा अर्थ, तो १७ वेळा त्याच्याकडे सोपवावा असे कंपनीला वाटले. तेही कमी नाही. ज्याच्यावर तिकिटे खपतात त्यालाच पट्टा मिळतो. पण २,८०३ दिवस सलग विजेता राहिलेल्या ब्रुनो सामार्टिनोच्या नावावर दोनच विजेतेपदे आहेत. ट्रम्प कार्डाच्या हिशेबाने तो पहिल्याच फेरीत हरेल.

मग गर्दी मोजावी?

हा निकष अधिक प्रामाणिक वाटतो, कारण पैसे देऊन आलेला प्रेक्षक कोणी लिहीत नाही. त्याचा आकडा मात्र लिहिता येतो. २९ मार्च १९८७ रोजी पॉन्टिअॅक सिल्व्हरडोममध्ये होगनने महाकाय आंद्रेला उचलून आपटले, तेव्हा ९३,१७३ प्रेक्षक असल्याचे जाहीर झाले. कुस्ती-पत्रकार डेव्ह मेल्टझर यांच्या मते प्रत्यक्ष संख्या ७८ हजारांच्या आसपास होती. सामार्टिनोने न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन १८७ वेळा ‘हाउसफुल्ल’ केल्याची कथाही नंतरच्या अभ्यासकांनी अतिशयोक्त ठरवली.

गर्दीचाच निकष लावायचा, तर अमेरिकेबाहेर पाहावे लागते. युद्धात हरलेल्या जपानमध्ये १९५४ साली रिकिडोझान अमेरिकेहून आलेल्या धिप्पाड शार्प बंधूंना लोळवू लागला, तेव्हा रस्त्यांवर लावलेल्या दूरचित्रवाणी संचांपुढे माणसांचे लोंढे जमत. हा ‘जपानी’ नायक जन्माने कोरियन होता आणि ते लपवून ठेवले गेले होते. मेक्सिकोत एल सान्तोने दशकानुदशके मुखवटा उतरवला नाही. १९८४ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने टीव्हीवर चेहऱ्याचा थोडा भाग दाखवला आणि मुखवट्यासहच त्याचे दफन झाले. त्याच्या नावावर ५० हून अधिक चित्रपट आहेत. एका देशाच्या लोकजीवनात इतका खोल रुजलेला कुस्तीगीर अमेरिकेतही सापडणे कठीण. तरीही बहुतेक इंग्रजी याद्यांमध्ये तो पहिल्या पाचात नसतो.

‘पाच तारे’ देणाऱ्यांचा आक्षेप काय?

तिसरा गट म्हणतो, पट्टे आणि गर्दी बाजूला ठेवा, लढत किती उत्तम झाली ते बघा. मेल्टझर आपल्या वार्तापत्रात लढतींना तारे देतात. त्यांच्या श्रेणीत पाच तारे म्हणजे परमोच्च. तरी २०१८ मध्ये केनी ओमेगा आणि काझुचिका ओकाडा यांच्या लढतीला त्यांनी सात दिले. या निकषावर होगन पार मागे पडतो, तर शॉन मायकल्स, ब्रेट हार्ट आणि जपानी कुस्तीगीर पुढे येतात.

सर्वांत जाणकारीचा वाटणारा हाच निकष सर्वांत महागही ठरला आहे. नव्वदच्या दशकात मित्सुहारु मिसावा आणि तोशिआकी कवाडा यांनी ताऱ्यांची लयलूट केली. ३ जून १९९४ ची त्यांची लढत आजही आदर्श मानली जाते. प्रत्येक लढत आधीच्यापेक्षा थरारक हवी, म्हणून मानेवर आणि डोक्यावर आपटणारे डाव वाढत गेले. १३ जून २००९ रोजी हिरोशिमात एका नेहमीच्या डावात पाठीवर पडलेला मिसावा उठलाच नाही. तो ४६ वर्षांचा होता.

क्रिस बेन्वाचे प्रकरण याहून भयंकर. तंत्रात त्याच्या तोडीचे फार थोडे होते. जून २००७ मध्ये त्याने पत्नी आणि मुलाचा खून करून आत्महत्या केली. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार आघातांमुळे होणारी गंभीर हानी आढळली. डोके पुढे करून वरून झेपावणे हा त्याचा ठेवणीतला डाव होता आणि चाहते त्यालाच दाद देत. त्याचे नाव श्रेष्ठांच्या यादीत घ्यावे का, यावर चाहत्यांत आजही एकमत नाही. गुन्ह्याचा विचार करता ते न घेणेच योग्य, पण ज्या मोजपट्टीने त्याला मोठे केले तिचीही चौकशी व्हायला हवी.

इतिहास कोणाच्या ताब्यात आहे?

‘डब्ल्यूडब्ल्यूई’ने २००१ मध्ये ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ आणि २००३ मध्ये ‘ईसीडब्ल्यू’ या प्रतिस्पर्ध्यांचा चित्रफितींचा साठाही विकत घेतला. त्यामुळे जुन्या लढती दाखवायच्या की नाही, हे प्रामुख्याने एकच कंपनी ठरवते. बेन्वाचा उल्लेख ती टाळते. उत्तेजके आणि सवंगपणावर टीका करणारा सामार्टिनो २०१३ मध्ये समेट होईपर्यंत तिच्या ‘हॉल ऑफ फेम’बाहेर होता. वर्णद्वेषी वक्तव्ये उघड झाल्यावर २०१५ मध्ये होगनला तिथून काढले आणि २०१८ मध्ये परत घेतले. प्रेक्षक मात्र विसरले नव्हते; जानेवारी २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवरील पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी त्याला डिवचले.

भारतालाही याचा अनुभव आहे. दारा सिंग यांनी १९६८ मध्ये मुंबईत लू थेझ या त्या काळच्या सर्वांत प्रतिष्ठित अमेरिकी विजेत्याला हरवले. कंपनीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचे नाव आले ते ५० वर्षांनी, निधनानंतर.

सीनाचा पराभव चुकीचा होता का?

चाहत्यांना तसे वाटते. कुस्तीगिरांची परंपरा नेमकी उलटी आहे. जाणाऱ्याने हरून जायचे आणि आपली पुण्याई मागे राहणाऱ्याला द्यायची. फ्लेअर २००८ मध्ये मायकल्सकडून हरला, मायकल्स २०१० मध्ये अंडरटेकरकडून आणि ‘रेसलमेनिया’त २१ लढती अपराजित राहिलेला अंडरटेकर २०१४ मध्ये ब्रॉक लेस्नरकडून. समोरच्याला मोठे करणे आणि त्याला धडधाकट घरी पाठवणे, ही त्यांची आपसातली मोजपट्टी. बाकीच्या सगळ्यांपेक्षा तीच अधिक भरवशाची वाटते, आणि तिच्यावर फ्लेअर सीनापेक्षा सरस ठरतो. सीनाने उमेदीच्या वर्षांत अनेक उगवत्या कुस्तीगिरांना रोखले, ही तक्रार खोटी नाही.

पण फ्लेअरची २००८ ची ‘अखेरची’ लढत अखेरची ठरली नाही. ‘डब्ल्यूडब्ल्यूई’चे कुस्तीगीर कर्मचारी नव्हे, तर स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात. त्यांना निवृत्तिवेतन नाही, आरोग्य विम्याची सोय स्वतः करावी लागते आणि संघटना तर आजवर उभीच राहिलेली नाही. १९८६ मध्ये जेसी व्हेन्चुराने तसा प्रयत्न केला होता. त्याची खबर होगननेच मालकापर्यंत पोहोचवली, असे व्हेन्चुरा सांगत आला आहे. फ्लेअर ३१ जुलै २०२२ रोजी नॅशव्हिलमध्ये पुन्हा रिंगणात उतरला. तेव्हा तो ७३ वर्षांचा होता, आणि लढत सुरू असताना आपली शुद्ध हरपली होती, असे त्यानेच नंतर सांगितले.