तंजावरची भिंत वाचणार कोण?

आमच्या वांकिडीतून महाराष्ट्राची हद्द जवळच आहे. कचेरीचा व्यवहार तेलुगूत होत असला तरी अनेक घरांत आजही मराठीच बोलली जाते. अशा सीमेवरच्या मुलखात ‘तंजावर आपले’ एवढे म्हटले की सभेत टाळ्या पडतात. या टाळ्यांना माझी हरकत आहे.

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने उभारले; ते इ. स. १०१०च्या सुमारास पूर्ण झाले. व्यंकोजीराजांची सत्ता तेथे आली ती त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी. म्हणजे मराठे त्या नगरीचे निर्माते नव्हेत, वारस होते. आणि वारसाची पारख तो दप्तर कसे सांभाळतो यावरूनच होते.

उभी हयात सरकारी दप्तरात गेल्यामुळे असेल, परंतु मला त्या मंदिराच्या उत्तुंग शिखरापेक्षा त्याच्या भिंती अधिक मोलाच्या वाटतात. राजराजाने स्वतःची, बहीण कुंदवैची, राण्यांची आणि इतरांची दाने दगडावर नोंदविली. मंदिराच्या सेवेसाठी ठिकठिकाणांहून आणलेल्या सुमारे ४०० नर्तकींची नावे आणि त्यांना दिलेली घरेही तेथे कोरलेली आहेत. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी त्याच मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. जुने तमिळ लेख आजही जागेवर आहेत. दोन भाषा एकाच वास्तूत शेजारणींसारख्या नांदत आहेत.

आता आपले काय? तो मराठी लेख आपण अभिमानाने दाखवतो. वाचतो किती जण? तंजावरच्या मराठा दरबाराचे मोडी कागद तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये उतरवून छापले. ज्यांची ती मातृभाषा नव्हे त्यांनी आपली लिपी शिकून घेतली. आपण मात्र घरातले मोडी दस्त रद्दीत घातले!

कोणी म्हणेल, अभिमानच नसेल तर लोक वारशाकडे वळतील कसे? अभिमान जरूर असावा. पण तो वाचनाच्या दारापर्यंत नेणारा असावा. दारातच जयघोष करून परतणारा अभिमान काय कामाचा? सीमेवर राहणाऱ्या आम्हांला हे अनुभवाने ठाऊक आहे, की भाषा घोषणांनी टिकत नाही. ती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांमुळे टिकते, आणि शेजाऱ्याची भाषा शिकल्याने तिचे काही उणे होत नाही.

म्हणून पुढच्या सभेत तंजावरचा जयजयकार करण्यापूर्वी मोडीची बाराखडी गिरवावी, आणि जमल्यास तमिळचीही. टाळ्या त्यानंतर.