जाडी सांगत नाही, म्हणून काय झालं?

‘गाइडेड वेव्हने पाइपची जाडी कळत नाही, मग ती तपासणी कसली?’ हा तपासणी विभागातल्या जुन्याजाणत्यांचा ठेवणीतला सवाल. त्यातली माहिती खरी आहे. पाइपभोवती ट्रान्सड्यूसरचं कडं आवळायचं, दोन आकडी किलोहर्ट्झ वारंवारतेची पीळ देणारी लहर पाइपच्या भिंतीतून दोन्ही बाजूंना सोडायची आणि परतणारे प्रतिध्वनी टिपायचे, अशी ही पद्धत. तीस मीटरवरून प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत परततो. त्यावरून धातूचं छेदक्षेत्र कुठे बदललं ते कळतं. जाडी किती उरली ते नाही. ए.एस.टी.एम. ई 2775 या अमेरिकी मानकातही ही मर्यादा साफ नोंदवलेली आहे.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. थिकनेस गेज टेकवाल तेवढीच जागा पाहतो. पत्र्याच्या सांध्यातून पाणी झिरपून इन्सुलेशनखाली धरणारा गंज आपल्या नकाशावरचे बिंदू विचारून येत नाही. परांची बांधायची, लॅगिंग (इन्सुलेशन आणि त्यावरचा पत्रा) उचकटायचं, ठरलेल्या चार जागी आकडे घ्यायचे आणि मधला पाइप रामभरोसे सोडायचा, हा अचूकपणा कुणाच्या कामाचा? अलास्कातल्या प्रूडो बे तेलक्षेत्रात मार्च 2006 मध्ये 34 इंची वाहिनी आतून गंजून फुटली आणि दोन लाख गॅलनांहून अधिक तेल सांडलं. आतून साफ करत जाणारा ‘पिग’ तिथे 1998 नंतर फिरलाच नव्हता. भिस्त होती ती सुट्या ठिकाणच्या जाडीच्या मोजमापांवर. गाइडेड वेव्हने ती जागा सापडलीच असती, असं मी म्हणत नाही. पण जाडीचे आकडे फाइलीत होते आणि तरीही पाइप फुटला, एवढं तर मान्य करा!

आता दुसऱ्या बाजूचे. ‘एका जागी कडं लावा, शंभर टक्के तपासणी’ असं सांगणारे विक्रेते या पद्धतीचं जेवढं नुकसान करतात, तेवढं तिचे विरोधकही करत नाहीत. हिशेब साधा आहे. सहा इंची, 7.1 मिलिमीटर जाडीच्या पाइपचं छेदक्षेत्र सुमारे 3600 चौरस मिलिमीटर. छेदाच्या पाच टक्के घट दिसते असं धरलं, तर ती 180 चौरस मिलिमीटर. म्हणजे अर्धी जाडी खाणारा, परिघावर पाच सेंटिमीटर पसरलेला गंज कसाबसा दिसेल. दहा मिलिमीटरचं आरपार भोक मात्र दोन टक्क्यांत बसतं आणि निसटतं. शिवाय फ्लँजपुढे लहर जात नाही, आणि डांबरी लेपाच्या, जमिनीत पुरलेल्या पाइपमध्ये ती काही मीटरांतच दम तोडते.

तरीही मी या पद्धतीच्या बाजूने उभा आहे, कारण तिचं काम मोजण्याचं नाही, कुठे मोजायचं ते दाखवण्याचं आहे. वेल्ड सर्व परिघावर सारखा असतो, म्हणून त्याचा प्रतिध्वनीही सममित येतो. एका अंगाला खाल्लेली जागा लहरीला वाकवते. एका प्रचलित यंत्राच्या पडद्यावर सममित भाग काळ्या रेघेत आणि वाकलेला तांबड्या रेघेत उमटतो. वेल्ड नसलेल्या जागी काळीच्या जोडीला तांबडी उठली की लॅगिंग तिथे उघडायचं आणि गेज तिथे लावायचा. त्या रेघा वाचायला मुरलेला माणूस लागतो, आणि कंत्राट सर्वांत कमी दराला देणारे नेमके तिथेच पैसे वाचवतात.

अहवाल स्वीकारताना दोन गोष्टी मागाव्यात: प्रत्येक कड्यापासून लहर दोन्ही बाजूंना प्रत्यक्षात किती मीटर पोचली, आणि संशयित जागा उघडल्यावर गेजने काय दाखवलं. यातलं एकही नसेल, तर बिल थांबवावं.