दोन शहरांच्या मधले गाव

‘विज्ञानाने जग जवळ आणले’ हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. ते खोटे नाही. पण जवळ आणले ते कोणाला, हा प्रश्न त्या निबंधात कधी येत नाही.

मुंबई आणि इंदूर ही दोन शहरे घ्या. आग्रा रोडने त्यांच्यातले अंतर सुमारे 585 किलोमीटर. मोटारीला दहा-अकरा तास लागतात. विमान तास-सव्वा तासात पोहोचते. या रस्त्याच्या जवळजवळ मध्यावर आपले मालेगाव आहे. मालेगावच्या माणसाने मुंबईहून सुटणारे इंदूरचे विमान पकडायचे ठरवले, तर त्याला राहूडचा घाट चढून, कसाऱ्याचा घाट उतरून आधी 280 किलोमीटर मागे जावे लागेल. तेवढाच रस्ता तो पुढे गेला, तर इंदूरच्या वेशीजवळ असेल! ओझरचा विमानतळ त्यामानाने जवळ. पण तोही ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर उलट दिशेला. विमान दोन टोकांमधला वेळ वाचवते, मधल्या गावाचा नाही.

शिवाय आपल्याकडे अंतर नुसते तासांत मोजून भागत नाही. पुण्यात सकाळी दहाची परीक्षा असली, तर आदल्या रात्रीच निघावे लागते. मुलगा बसस्थानकावर रात्र काढतो. मुलीच्या घरी मात्र प्रश्न पडतो, सोबत कोण जाणार? वडील लूमवर कामाला असतील, तर त्यांचे दोन खाडे पडतात. कित्येक मुलींचे फॉर्म या हिशोबातच भरायचे राहतात. मार्च 2023 मध्ये एस. टी.ने महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत दिली, तेव्हा रस्ता एका किलोमीटरनेही कमी झाला नव्हता. तरी खेड्यातल्या मुलींना कॉलेज जवळ आले.

आता आपल्या दारात रेल्वे येऊ घातली आहे. 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. हा मार्ग मालेगाव, धुळ्यावरून जाणार आहे. आजवर रेल्वे म्हटले की आपल्याला मनमाड गाठावे लागते, म्हणून या बातमीचा आनंद सर्वांनाच झाला. पण मंजुरी देताना सरकारने या मार्गाचे महत्त्व सांगितले, ते मुंबई आणि इंदूर यांना जोडणारा सर्वांत जवळचा रेल्वेमार्ग म्हणून. त्या दोन शहरांचा वेळ वाचवण्यासाठी गाड्या मालेगावला न थांबता गेल्या, तर रूळ आपल्या दारावरून जातील आणि आपण पिशवी घेऊन मनमाडचीच बस धरू.

मित्रहो, वेळापत्रक छापून आल्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही. सकाळी नाशिकला कॉलेजच्या, कचेरीच्या वेळेत पोहोचवणारी आणि संध्याकाळी परत आणणारी एक गाडी, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना मालेगावचा थांबा, एवढी मागणी आपण विद्यार्थ्यांनी आजपासूनच लावून धरली पाहिजे. सकाळी एकटी गेलेली मुलगी पेपर देऊन रात्री घरी जेवायला आली, तर शहर खरोखर जवळ आले असे म्हणता येईल.