बायोडेटातला ‘वर्ण’ आणि पायातल्या शिरा

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याचा फॉर्म कधी नीट वाचला आहे का? नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, उंची आणि त्याखाली एक रकाना : वर्ण. समोर लिहायचे गोरा, निमगोरा, गव्हाळ, फार तर सावळा. ‘काळा’ असे कुणी लिहीत नाही. ज्या महाडमध्ये २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, त्या महाडच्या जिल्ह्यात, बुद्धवंदनेने सुरू होणाऱ्या कार्यक्रमात आपण आपल्या मुलामुलींचा ‘वर्ण’ लिहून घेतो. इथे शब्दाचा अर्थ वेगळा आहे, हे मला कळते. पण काम तेच आहे : जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे.

या रकान्याची किंमत मुली चुकवतात. अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या वस्त्यांत महिलांच्या बैठका घेताना आरोग्याचा विषय निघाला की तरुण मुली बैठक संपल्यावर बाजूला घेऊन विचारतात. “ताई, त्या क्रीमने खरंच फरक पडतो का? इंजेक्शन घेतलं तर कायमचं गोरं होता येतं का? लेसरने चेहरा भाजतो का?” त्यांच्या आया आणि आज्या काहीच विचारत नाहीत. त्या फक्त लुगड्याचा काठ पोटरीवरून खाली ओढतात. त्या पोटऱ्यांवर दोरीसारख्या फुगलेल्या शिरा असतात आणि घोट्याजवळची कातडी काळी पडलेली असते.

माझे म्हणणे एवढेच आहे. चेहऱ्याचा सावळा रंग हा आजार नाही, पण त्यावर आपला पैसा जातो. घोट्याजवळ नव्याने आलेला काळेपणा आजाराची खूण असू शकतो, पण त्यावर एक रुपयाही खर्च होत नाही. बाजाराने आणि जातीने मिळून आपली नजर उलटी फिरवली आहे.

आधी मुलींच्या प्रश्नांची सरळ उत्तरे देऊ. त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे येतो. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारखीच असते. फरक पडतो तो तयार होणाऱ्या मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात. हे मेलॅनिन उन्हापासून संरक्षण देते. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणतो ते शरीराचे संरक्षण आहे. वांग, मुरमांचे डाग, कोड यांवर त्वचारोगतज्ज्ञाकडे उपचार आहेत आणि ते जरूर घ्यावेत. पण जन्मजात रंग कायमचा बदलणारा सुरक्षित उपचार नाही.

मग आठ दिवसांत ‘उजळ’ करणाऱ्या क्रीममध्ये असते काय? अनेकदा स्टिरॉइड. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळ दिसतो, म्हणूनच मुली फसतात. पुढे कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, चेहऱ्यावर लव वाढते. क्रीम बंद केले की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ‘मेडिकलवाल्या दादाने दिलं’ हे वाक्य प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळते.

दुसरा धोका पाऱ्याचा. २०२३ मध्ये अकोल्यातील एका विद्यार्थिनीची बातमी आली होती. तिला, तिच्या आईला आणि बहिणीला एकापाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार झाला. तिघी एकच क्रीम वापरत होत्या, स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्यात पारा सापडला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या १५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातल्या १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार साध्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून ज्या डबीवर उत्पादक, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक काहीच नाही, ती डबी घरात ठेवू नका. वापरणाऱ्या व्यक्तीचे तोंड किंवा पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम बंद करून डबीसकट डॉक्टरकडे जा.

ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनबद्दल : अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गोरेपणासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. लेसरबद्दल : अनेक लेसरांची उष्णता मेलॅनिन शोषून घेते. त्यामुळे सावळ्या त्वचेवर चुकीचे यंत्र किंवा चुकीची मात्रा वापरली तर भाजते, काळे-पांढरे चट्टे उरतात. लव काढायची असेल तर १०६४ नॅनोमीटरचा लेसर सावळ्या त्वचेला तुलनेने सुरक्षित मानतात, पण तोही आधी छोट्या जागेवर चाचणी करून. यंत्र कोण चालवणार, त्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे का, हे तोंडावर विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या.

इथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. “बाबासाहेब स्वतः सूट-बूट घालत. महाडला त्यांनी बायकांना राहणी बदलायला सांगितले. मग आमच्या मुली नटल्या तर तुमचे काय जाते?” आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांसमोर बोलताना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, अस्पृश्यतेची ओळख पटवणारे दागिने टाकायला सांगितले, मुलींना शिकवायला सांगितले. ते सगळे बाहेरून लादलेले होते. लादलेले उतरवता येते आणि उतरवले की मान ताठ होते. त्वचा कुणी लादलेली नाही. तिला गुन्हा ठरवणारी नजर लादलेली आहे. उतरवायची ती नजर.

शिवाय बाबासाहेबांनी रंग-वंशाचा सिद्धान्तच नाकारला होता. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये १९३६ सालीच त्यांनी मांडले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’मध्ये वर्ण म्हणजे कातडीचा रंग हा पाश्चात्त्य पंडितांचा अर्थ त्यांनी खोडून काढला. जात ही रक्तात किंवा कातडीत नाही, ती समाजाने बनवलेली व्यवस्था आहे, म्हणून ती मोडता येते. हा त्यांच्या मांडणीचा कणा आहे. “आपली असून गोरी आहे हो” असे कौतुकाने म्हणणारी आपली मावशी नकळत बाबासाहेबांच्या नव्हे, त्यांच्या विरोधकांच्या बाजूने बोलते. नटणे हा मुलीचा हक्क आहे. पार्लरला जाणाऱ्या मुलीला टोमणे मारणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. पण आवडीने नटणे वेगळे आणि नकाराच्या भीतीने मूत्रपिंड पणाला लावणे वेगळे.

आता पायांकडे येऊ. पायातून रक्त हृदयाकडे वर चढवायला शिरांमध्ये झडपा असतात. तासन्‌तास उभे राहणे, बाळंतपणे, आनुवंशिकता, वाढते वय यांनी त्या निकामी होतात. रक्त खाली साचते, शिरा फुगतात, संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याजवळ कातडी काळी पडते, खाजते आणि एक दिवस न भरणारी जखम होते. उभे कोण राहते? नगरपरिषदेचा सफाई कामगार, समुद्रकाठच्या रिसॉर्टमधला वेटर आणि भांडी घासणारी बाई, एटीएमसमोरचा वॉचमन, रोहा-महाडच्या एमआयडीसीतला कंत्राटी मजूर. यातली किती नावे आपल्या आडनावांची आहेत, हे मी सांगायला नको.

त्यांचे प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारते. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? पायातले बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतून जाते. त्या चांगल्या आहेत ना, हे आधी डॉप्लर सोनोग्राफीने पाहतात. ऑपरेशन करावेच लागते का? नेहमी नाही. बारीक शिरांमध्ये औषधाचे इंजेक्शन देऊन त्या बंद करता येतात, मोठ्या शिरा आतून लेसर किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने बंद करतात, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. डाग राहतो का? इंजेक्शननंतर शिरेच्या रेषेवर तपकिरी डाग काही महिने राहू शकतो. पुन्हा होते का? दुसऱ्या शिरा फुगू शकतात. म्हणून चालणे, बसताना पाय उंच ठेवणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे वापरणे सोडायचे नाही. मधुमेह असेल किंवा चालताना पोटरी दुखत असेल तर विचारल्याशिवाय पट्टी आवळू नका. एकच पाय अचानक सुजला आणि दुखू लागला तर वाट न पाहता दवाखाना गाठा. खर्चाची भीती असेल तर सरकारी रुग्णालयात केसपेपर काढा आणि आपला उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा. “हे तर सौंदर्याचं काम आहे” असे सांगून कुणी परत पाठवत असेल, तर काळी पडलेली कातडी आणि जखम दाखवा आणि तपासणीचा आग्रह धरा.

पण उपचार हा अर्धाच प्रश्न आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय द्यायला सांगितले होते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. तिथे कापड दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी लढा दिला होता. एक खुर्ची ही मागणी लहान वाटते. पण ज्यांच्या पूर्वजांना खाटेवर बसू दिले जात नव्हते, त्यांना खुर्चीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून माझी मागणी आधी आपल्याच संघटनांकडे आहे. पुढच्या मेळाव्याचा फॉर्म छापायला जाण्यापूर्वी ‘वर्ण’ हा रकाना काढून टाका. त्याला ना सरकारी परवानगी लागते, ना निधी. जयंतीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासता, तसे पायही तपासा आणि घरातल्या क्रीमच्या डब्या घेऊन यायला सांगा. आणि वस्तीतले जे लोक बारा-बारा तास उभे राहतात, त्यांच्यासाठी मालकाकडे आणि ठेकेदाराकडे खुर्ची मागायला संघटना म्हणून जा. पुढची जयंती यायला वेळ आहे. फॉर्म मात्र याच आठवड्यात बदलता येतो.

जय भीम!