सेवेकऱ्यानेही सेवा स्वीकारावी



निवृत्तीनंतर दिवस कसा घालवावा, असा प्रश्न आपण वारंवार विचारता. त्याचे उत्तर म्हणून वसईतील एका ज्येष्ठ गृहस्थांची कहाणी सांगतो. वय ७४. बँकेतून व्यवस्थापक म्हणून ते निवृत्त झाले. मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातील हे गृहस्थ आपल्या धर्मग्रामातील ‘सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी’चे काम करतात. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह ही संस्था सुरू केली. गरजवंताच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करणे, हा तिचा मूळ परिपाठ आजही टिकून आहे.

बँकेतील अनुभव त्यांनी या कामी लावला. कोणाचे निवृत्तिवेतन अडकले, कोणाला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा आहे, कोणा विधवेला खात्यावर नाव लावायचे आहे, अशी कामे ते स्वतः रांगेत उभे राहून करून देतात. अंथरुणाला खिळलेल्यांपाशी बसून त्यांचे ऐकून घेतात. ठरल्या वेळी उठणे, चालणे, माणसांची नावे व अडचणी ध्यानात ठेवणे, आपली कोणी वाट पाहत आहे ही जाणीव असणे, हे सारे उतारवयात औषधाइतकेच मोलाचे आहे. समाजापासून तुटलेपण हा स्मृतिभ्रंशाचा एक जोखीम-घटक मानला जातो, हे येथे लक्षात घ्यावे.

परंतु या कहाणीला दुसरी बाजू आहे. त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. एका गुड फ्रायडेला त्यांनी कडक उपवास केला. साखर उतरवणारी गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. दुपारच्या प्रार्थनेत त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणे असंबद्ध झाले. शेजाऱ्याने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “डॉक्टर, हे साऱ्या गावाच्या गोळ्यांची चौकशी करतात. ह्यांच्या गोळ्यांची चौकशी कोणी करायची?”

या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या धर्मनियमांतच आहे. कॅथलिक चर्चच्या नियमांनुसार उपवासाचे बंधन ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच असते, आणि आजाऱ्यांनाही त्यातून सूट असते. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास काही न खाण्याचा जो नियम आहे, तोही वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. सेवा करणाराही थकतो, याची दखल त्या नियमाने घेतली आहे. आपला धर्म कोणताही असो, उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून गोळी वा इन्सुलिनची मात्रा ठरवून घ्यावी.

पुढील पावसाळ्यात ते अंगणात घसरून पडले व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर संस्थेचे दोन सभासद भेटीला आले. यांनी त्यांना आत बोलावलेच नाही. “आजाऱ्यांची यादी मी करतो, माझे नाव तीत नको,” असा त्यांचा हट्ट. वॉकर कोपऱ्यात पडून राहिला, व्यायाम टळत गेला, आणि साऱ्याचा भार संधिवाताने त्रासलेल्या पत्नीवर आला. मी त्यांना एवढेच विचारले, “आजवर ज्यांनी आपल्यासाठी दार उघडले, ते आपल्या दृष्टीने कमीपणा घेत होते काय?” ते बराच वेळ गप्प राहिले. पुढच्या आठवड्यात ते सभासद पुन्हा आले, तेव्हा त्यांना चहा मिळाला आणि वॉकर कोपऱ्यातून बाहेर आला. आता ते घरी बसूनच लोकांचे अर्ज भरून देतात.

सेवाकार्यात रमलेल्या ज्येष्ठांनी काही पथ्ये पाळावीत. जेवणाची व गोळ्यांची वेळ कोणत्याही कामासाठी चुकवू नये. आपले आजार, औषधे व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आणि थोडी साखर खिशात ठेवावी. घाम, थरथर वा गोंधळ जाणवल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी रक्तातील साखर पुन्हा तपासावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे. गुडघे टेकून वा मांडी घालून बसल्यावर एकदम उठू नये; आधार धरून, क्षणभर थांबून मग पाऊल टाकावे.

आणि घरच्यांनो, अशा माणसाला “आता पुरे करा” असे सांगू नका. त्याचे काम काढून घेतले, तर उभारीही जाते. काम त्याच्या शक्तीला पेलेल एवढे करून द्या, आणि आठवड्यातील एक भेट त्याच्या स्वतःच्या घरासाठी राखून ठेवायला सांगा.